चौकात सगळं ठीक होतं

अख्खी इमारत त्याला 'जनता' म्हणायची. कामच तसं होतं. सरकारी चॅनेलवर तो कधी रिक्षावाला, कधी रिटायर्ड मास्तर, तर कधी पोरींचा बाप होऊन सांगायचा, सगळं उत्तम चाललंय. मिशी लावली की रिक्षावाला, काढली की मास्तर. बायको म्हणायची, नवरे ढीगभर मिळाले, पण भाजी आणायला एक उठेल तर शपथ.

त्या दिवशी चौकात मोर्च्यावर लाठ्या चालल्या. संध्याकाळच्या बातम्यांत हा पठ्ठ्या त्याच चौकात, हातात पिशवी घेऊन उभा. "दुपारपासून इथंच आहे हो. कसल्या लाठ्या? अफवा सगळ्या." खरं तर चौक स्टुडिओतल्या पडद्यावर होता, आणि पिशवीत कॅमेरावाल्याचे बूट.

सकाळी शेजारची शिवणवाली दारात आली. तिचा मुलगा मोर्च्याला गेला होता, तो परतलाच नव्हता.

"भाऊ, तुम्ही दुपारभर तिथंच होता ना? माझा पोरगा दिसला का? कुणी नेला त्याला?"

मी तिथं नव्हतोच, एवढंच याला म्हणायचं होतं. पण ते तोंडातून गेलं की नोकरी जाणार, आणि नोकरीमागोमाग हाही. आत भांड्यांचा आवाज थांबला. बायको कान देऊन होती.

"दिसला की, वहिनी," तो बोलून गेला. "मित्रांबरोबर हसत बसस्टँडकडे निघाला होता. येईल बघा."

तिच्या जिवात जीव आला. तशीच ती पोलीस चौकीत धावली आणि सगळं सांगून बसली. फौजदारानं तिला चहासुद्धा पाजला म्हणे. मुलगा सुखरूप गेल्याचं टीव्हीवरच्या माणसानं पाहिलंय, मग तक्रार कसली घ्यायची? दुपारी शिपाई खात्री करायला आला. यानं मान हलवली. भांडी पुन्हा वाजू लागली, जरा जास्तच जोरात.

संध्याकाळी ती परत आली. दिवसभर स्टँडवर लोकांना विचारत होती. अंगात शर्ट कुठला होता, तेवढं सांगा म्हणाली, म्हणजे विचारायला बरं पडेल.

"निळा," हा सवयीनं म्हणाला. मिशी नव्हती, तरी काम चालूच.

"निळा घरी दोरीवर वाळतोय," ती म्हणाली.

यानं नजर खाली घातली, तर तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला दिसला.

मग ती वळली, आणि तरीही बसस्टँडकडेच निघाली.