गुलाबी गोगलगायीची चौकशी

विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या माणसाला घरातही कुणी सरळ उत्तर देत नाही, कारण तो सरळ प्रश्न विचारत नाही. बायकोनं चहा दिला तरी दादा आधी कपाकडे बघायचा, मग बायकोकडे. त्यामुळे धाकट्या बहिणीनं त्याला शाळेत बोलावलं तेव्हा वाटेतच त्याची खात्री झाली, की कुठंतरी पाणी मुरतंय.

मुरत होतंच. बहीण लहान मुलांना शिकवायची आणि हौसेनं निसर्गवहीचा वर्ग चालवायची. शाळेमागच्या बागेत बसायचं आणि समोरचं रंगीत पेन्सिलींनी वहीत उतरवायचं. नियम एकच, आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला: दिसेल तेच काढायचं, मनचं काही नाही. पण गेल्या आठवड्यापासून सगळ्या वह्यांत गुलाबी गोगलगायी निघायला लागल्या होत्या. आज मोठ्या बाई वह्या तपासणार होत्या. मुलं थापा मारतात असं दिसलं तर वर्ग बंद, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यांच्या मते बाग ही खिडकीतून बघायची गोष्ट होती.

"मी रागावले तर सगळी रडतील," बहीण म्हणाली. "दादा, तू नुसतं बघ."

नुसतं बघणं दादाला जमत नसे. त्यानं पेन्सिलींचा डबा मागितला. तो आपण किती दुकानं पालथी घालून निवडला हे बहिणीनं सांगितलंच: जाड, लहान बोटांत मावणाऱ्या, मऊ टोकाच्या, वर ओला ब्रश फिरवला की रंग पसरणाऱ्या. तपकिरी आणि हिरव्या पेन्सिलींची थोटकं झाली होती. ते ठीकच, बागेत दुसरं असतं काय? पण गुलाबीही अर्ध्यावर आली होती. दादानं वह्या चाळल्या. हलका हात, एकावर एक थर, सावलीला काळ्याऐवजी जांभळा. पोरं तयार होती. पण एवढ्याशा गोगलगायींनी पेन्सिलीचं टोकसुद्धा धड झिजलं नसतं. माल आणि नुकसान यांचा मेळ बसत नव्हता. बाकीचा गुलाबी गेला कुठं?

पहिला संशय पोटावर. त्यानं वर्गाला रांगेत उभं करून जिभा बाहेर काढायला लावल्या. एक जीभ निळी निघाली, पण तो वेगळा विषय आहे, असं तिच्या मालकानं स्पष्ट केलं.

मग जबाब. गोगलगाय कुठल्या रंगाची होती, असं त्यानं प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं. सगळे म्हणाले, गुलाबी. दादाच्या अंगावर काटाच आला. खरं बोलणाऱ्या माणसांचं एकमत झालेलं त्यानं अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

उत्तर देण्याआधी प्रत्येक जण एका मुलीकडे बघत होता. तिला पुढचे दोन दात नव्हते आणि वर्गात तिला वकीलबाई म्हणत. दादानं तिला जरा वाकून विचारलं, की ह्या गोगलगायी खरंच असतात का. बाईंचा भाऊ म्हणून सगळा वर्ग त्याला मामा म्हणत होता, तसंच तीही म्हणाली.

"मामा, तुम्ही बागेत जाऊन बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. तो गेला. कुंड्यांमागच्या ओल्या भिंतीवर गोगलगायी कामाला निघाल्यासारख्या चालल्या होत्या, आणि एकूण एक गुलाबी होत्या. गोगलगाय अन् पोटात पाय, हे दादाला माहीत होतं. पाठीवर गुलाबी हे नवीन होतं. त्यानं बोटाला थुंकी लावून एका शंखावर घासलं. बोट गुलाबी झालं.

मागं वळला तर सगळा वर्ग उभा. कुणीच पळालं नाही, याची त्याला जास्त धास्ती वाटली.

"तपकिरी संपत आली होती," वकीलबाई म्हणाली. "गुलाबी नुसती पडून. पण दिसेल तेच काढायचं असतं ना? म्हणून आम्ही आधी गोगलगायी रंगवल्या. चित्र एकदम खरंय."

दादानं हे म्हणणं मनात उलटसुलट करून पाहिलं. कुठं फट सापडेना.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, मागोमाग बहीण. मोठ्या बाईंनी हातातली वही बघितली, भिंत बघितली, आणि मग दादाचं बोट बघितलं.

"हा उद्योग तुमचा?"

बहिणीचा चेहरा उतरला होता. हो म्हटलं तर मुलं सुटत होती आणि वर्ग वाचत होता. लोकांचे खोटे दावे पकडण्यात हयात घालवलेल्या दादानं घसा साफ केला.

"हो," तो म्हणाला. "मला असं अधूनमधून होतं."

"खोटं," वकीलबाई शांतपणे म्हणाली. "मोठ्या बाई, मामा थापा मारतायत. रंगवल्या आम्ही." मागून निळ्या जिभेवाल्यानं दोन गोगलगायी आपल्या एकट्याच्या आहेत, त्या सगळ्यांच्या म्हणून धरू नयेत, असंही सांगून टाकलं.

मोठ्या बाईंनी वही मिटून बहिणीच्या हातात दिली. मुलं थापा मारत नाहीत एवढं दिसलं, त्या म्हणाल्या. वर्ग चालू दे, सुट्या तपकिरी पेन्सिली मागवून घे, आणि ह्या गृहस्थांना बागेत एकटं सोडू नकोस.

गोगलगायी धुवायचं काम दादाकडेच आलं. तो ओल्या ब्रशनं हलक्या हातानं एकेक शंख धुवत होता, आणि शेजारी उकिडवी बसलेली वकीलबाई प्रत्येक गोगलगाय चारी बाजूंनी तपासून मगच भिंतीवर सोडत होती.