शंभर टक्क्यांचा फळा

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका इस्त्रीच्या दुकानात असतो. माझ्यावर जाड कांबळं, त्यावर चादर आणि त्यावर दिवसभर तापलेली इस्त्री. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, हे एक टेबल. पण मी एका लहानशा सरकारी शाळेचा फळा आहे. तोही वर्गातला नव्हे, मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर फाटकाकडे तोंड करून टांगलेला, मानाचा.

मला रंगवणारा रंगारी मोठा बोलका होता. एवढं हलकं लाकूड का वापरलं, असं शिपाईकाकांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की आकडे काय, कशावरही उभे राहतात. त्याने माझ्यावर रेघा मारून मुलगे, मुली, एकूण असे रकाने पाडले. पटावर किती आणि हजर किती, हे रोज सकाळी खडूने लिहायचं. सगळ्यात खाली वर्षाच्या निकालासाठी चौकट होती. निकाल मात्र ऑइलपेंटने लिहायचा.

सुरुवातीला आसपासच्या दुकानदारांची आणि कारकुनांची मुलं यायची. मग चौकापलीकडे चकचकीत शाळा निघाली आणि ती मुलं एकेक करून तिकडे गेली. राहिली ती पोटापाण्यासाठी लांबून आलेल्यांची, हमालांची, गवंड्यांची मुलं. त्यांची घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी. एका वर्षी वरून हुकूम आला आणि माझ्यावर नवा रकाना पडला, 'घरची भाषा वेगळी'. बघता बघता त्यातला आकडा एकूण आकड्याला येऊन भिडला. निकाल तेवढा घसरत राहिला.

माझ्यावरचे आकडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी लिहायची. डाव्या हाताने लिहायची म्हणून सगळे तिला डावरी म्हणत. आईच्या दुकानातलं मऊ फडकं आणून ती मला पुसायची आणि मग वर्गावर्गांतून आकडे विचारून यायची. हिशेबाला ती पक्की होती, पण वाचताना फार अडखळायची. प्रत्येक शब्द जणू नदीपलीकडून उचलून आणायची. पण आणायची, मित्रांनो. थांबणारं कुणी असलं, तर ती ओळ पुरी करायची.

मग वरून पत्र आलं. निकाल असाच राहिला, तर शाळेला टाळं लागेल. बाहेरचे परीक्षक येणार होते आणि परीक्षेला बसलेल्यांतले किती पास, एवढंच ते मोजणार होते. मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. त्या शाळेसाठी त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. अडखळणाऱ्या मुलांना त्यांनी एकेक करून खोलीत बोलावलं. डावरीला तर माझ्यासमोरच सांगितलं.

"उद्यापासून येऊ नकोस, बाळा. परीक्षा होईपर्यंत घरीच राहा."

डावरीने मान हलवली, मला नीट पुसलं आणि फडकं घडी करून घेऊन गेली.

निकाल शंभर टक्के लागला. रंगारी आला, माझ्या चौकटीत ठसठशीत अक्षरं उमटली. वरचे साहेब आले, मला हार घातला, फोटो काढले. माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. त्या गडबडीत घरी बसवलेल्या मुलांना बोलवायचं राहून गेलं. बाईंना वाटलं, वर्गाचे सर निरोप देतील. सरांना वाटलं, बाईंनी बोलावलंच असेल. डावरी काही दिवस फाटकाशी येऊन उभी राहायची, माझ्याकडे बघायची आणि परत जायची. मला वाचा असती, तर मी तिला हाक मारली असती. पुढे ती यायची बंद झाली. तिच्या आईने मनाशी ठरवून टाकलं होतं, शाळेलाच नको असेल तर आपण कशाला तोंड वेंगाडायचं?

पुढच्या वर्षीही तसंच झालं. शंभर टक्के टिकवायचे म्हणून आणखी मुलं घरी बसली आणि त्यांची भावंडंही त्यांच्या मागोमाग गळाली. शेवटी पुन्हा पत्र आलं. निकाल उत्तम, पण पट फार कमी, सबब शाळा बंद. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. बाकं, खुर्च्या आणि मी, सगळे भंगारवाल्याकडे गेलो. तिथून डावरीच्या आईने मला उचललं, फळी सपाट आहे म्हणून.

परवा कांबळं करपलं, म्हणून डावरी ते बदलत होती. आता ती मोठी झाली आहे, आणि डाव्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग आहे. तेवढ्यात मोठ्या बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. त्यांनी मला ओळखलं. मग डावरीला डाव्या हाताने इस्त्री बाजूला ठेवताना पाहिलं आणि तिलाही ओळखलं.

"तू डावरी ना गं? शाळा का सोडलीस?"

"मी कुठे सोडली, बाई? परीक्षा होईपर्यंत येऊ नकोस म्हणालात. नंतर ये, असं कुणी म्हणालंच नाही."

बाईंची नजर माझ्या चौकटीवर खिळली होती. डावरीही वाकली आणि बोट ठेवून वाचू लागली. "शं... भर... ट... टक्के." वेळ लागला, पण वाचलं. बाई पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या. डावरीने माझ्यावर नवं कांबळं अंथरलं आणि कपडे संध्याकाळी घेऊन जा, असं त्यांना सांगितलं.

मित्रांनो, फळ्याला ओलं फडकं लावू नका, लाकूड फुगतं. पण माझी निगा राखली नाही तरी चालेल. तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी दिसली, तर मोठी माणसं बोलावतील म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी तिथे बसणाऱ्याच्या घरी जा आणि उद्या ये म्हणा.