साहेबाचं काम

"ये दाग रगडने से जाएगा क्या?" मेकअपवाल्याने धर्मसिंगची हनुवटी वर करत विचारलं.

"डाग न्हाई तो," धर्मसिंग म्हणाला. "तोच माझा रंग हाय. बाकीचं कोड हाय."

 मेकअपवाल्याने कानाखालचा तो रुपयाएवढा सावळा ठिपका पांढरा करून टाकला. सहा वर्षांत धर्मसिंगच्या तोंडावर तेवढाच उरला होता.

धर्मसिंग साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा. कोड पसरत गेलं तशी माणसं मागं सरकत गेली. चहाच्या टपरीवर त्याचा कप वेगळा झाला, पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी तांड्यावर येऊन सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, पण जवळ कुणी बसलं नाही. गेल्या महिन्यात गोरेगावहून त्याच्या मुलीला, मीनाला, बघायला पाहुणे आले आणि बापाचं तोंड बघून पाणीही न घेता उठले. तेव्हापासून तो दिवसदिवस विहिरीच्या काठावर बसून असायचा. बायकोने, रूपाबाईने, विहिरीवरचा दोर गुपचूप उचलून शेजारी नेऊन ठेवला होता.

अशात इंग्रजांच्या काळावरच्या एका हिंदी सिनेमाची मंडळी माळावर आली. गाण्याचं शूटिंग होतं. गोरा साहेब तांड्याचे मीठ वाहणारे बैल अडवतो, चाबूक चालवतो आणि मार खाताखाता तांडा नाचतो, गातो. साठसत्तर जणांना काम मिळालं. ऐनवेळी साहेब होणारा परदेशी नट आलाच नाही आणि सिनेमावाले गाशा गुंडाळायची भाषा करू लागले. तेव्हा तांड्याचा पुढारी, नायक रतनसिंग स्वतः धर्मसिंगच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "धर्मा, तुझ्याबिगर समद्यांचं अडून राहिलं. तांड्याची इज्जत राख."

सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणाचं त्याच्यावाचून अडलं होतं. तो उठला.

माळावर भोंग्यातून गाणं सुरू झालं. आरशांचे कोरे घागरे घालून बाया नाचू लागल्या.

"माझा सासरा रोज ठाण्यावर हजेरी द्यायचा, चोराची जात म्हणून," एक म्हातारी पुटपुटली. "त्याला कवा नाचताना न्हाई पायलं."

धर्मसिंगच्या अंगात लाल कोट होता, हातात सुताचा, न लागणारा चाबूक. मार खाणाऱ्याचं काम त्याच्या धाकट्या भावाला, देविदासला दिलं होतं. साहेबाने त्याची गचांडी धरायची आणि चाबूक उगारायचा.

धर्मसिंगने हात पुढे केला. बोटं गळ्याला लागायच्या आतच देविदासचं सगळं अंग आक्रसलं. मान वळवून, डोळे मिटून तो मागे सरकला.

"बहोत बढिया," दिग्दर्शक म्हणाला. "यही डर चाहिए. एक बार और."

सात वेळा घेतलं. सातही वेळा देविदास तसाच सरकला, चाबूक उगारायच्या आधीच. बघत उभ्या असलेल्या तांड्याला ते कळलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सातव्या खेपेला धर्मसिंगने चाबूक जमिनीवर असा हाणला की मूठच तुटली. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या.

दिवस कलताना कपडे परत देऊन तो तोंड न धुताच वाटेला लागला. मागून देविदास मोटारसायकलवर आला.

"दादा, म्या मुद्दाम न्हाई केलं."

"ठाव हाय मला."

"तिसऱ्या खेपंला ठरवलं व्हतं, हालायचं न्हाई. दात आवळून उभा राहिलो. आंगच ऐकून न्हाई राहिलं."

"काम बराबर झालं तुझं. साहेब लोक खूश झाले."

देविदासने मागची सीट हाताने पुसली. "बस मागं. घरी सोडतो."

धर्मसिंगने सीटवरची मोकळी जागा पाहिली. मग भावाची पाठ पाहिली, घामाने चिकटलेला सदरा पाहिला.

"जाय तू," तो म्हणाला. "मी येतो चालत."

देविदास गेला नाही. त्याने गाडी बंद केली, उतरला आणि ढकलत चालू लागला. तांडा अजून दीड कोस होता. दोघं भाऊ बरोबरीने चालत राहिले, मधे बंद गाडी.