जाहिरातीत चालणारी कातर

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे. पण तुम्ही शाळेत कागद कापायला नेता तसली नाही. मला बोटं अडकवायला कड्याच नाहीत. पोलादाची एक पट्टी मधोमध वाकवली, दोन्ही टोकांना धार लावली, की झाले मी तयार. दाबलं की मिटते, सोडलं की उघडते. दिसायला चिमट्याची बहीण. गप्प बसणं माझ्या अंगातच नाही. मुठीत धरलं रे धरलं, की उघडझाप सुरू. सुरतेत साडीचं काम करणाऱ्या घराघरात माझं गोत सापडेल.

मला सुकदेवभाऊंनी आणलं. ते मूळचे शिंदखेड्याकडचे, इथे मागाच्या कारखान्यात कामाला. सुरतेतच कोसाडला, आवासात म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतीत, खोली मिळाली तेव्हा त्यांच्या पुष्पाबाई म्हणाल्या होत्या, "दिवसभर भिंतींशी बोलू का मी?" मग घरी साड्यांचं काम येऊ लागलं, आणि कामाच्या मागोमाग मी.

काम काय, ते सांगते. मशीनवर साडीला भरतकाम होतं तेव्हा सुई एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी मारते आणि मागे लोंबता दोरा सोडून जाते. ते लोंबते दोरे मी तोडायचे. फुलाला धक्का लागू द्यायचा नाही, कापडाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. एवढंच माझं शिक्षण.

दुपारी जेवणं उरकली की पुष्पाबाईंच्या खोलीत बायका जमत. शेजारची छाया यायची, तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. तळमजल्यावरच्या काशीबाई जिने चढून, दम खात यायच्या. त्यांचं घर भुसावळकडचं. मुलगा राकेश हजीऱ्याला कंपनीत, सून नीलम दुकानात. दिवसभर घरात त्या एकट्याच. भिंतीवर टीव्ही, टीव्हीत दुपारची मालिका, आणि खाली तिघींच्या मांडीवर पसरलेली एकच साडी.

पुष्पाबाईंचा एक नियम होता. मालिका चालू तर कातर बंद. डोळे वर असताना माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि तो नसणंच बरं. मालिका चालू असताना त्या नुसत्या बोटांनी साडीची मागची बाजू चाचपायच्या, दोरे उचलून ठेवायच्या. मग पडद्यावर ढोल बडवल्यासारखं संगीत वाढायचं, मालिकेतल्या मोठ्या सुनेचा चेहरा तीन बाजूंनी दिसायचा, आणि जाहिरात लागायची. त्या संगीताबरोबर सगळ्यांच्या माना खाली आणि आमचं कच कच कच सुरू! साबण, मसाला, फरशीचं औषध, असं सगळं संपेपर्यंत साडी साफ. म्हणून मित्रांनो, इतकी वर्षं मालिकेच्या समोर बसून मला मालिकेची गोष्ट धड ठाऊकच नाही. मला जाहिराती मात्र तोंडपाठ.

मालाचे गठ्ठे टेम्पोतून छगनभाई आणायचे. त्यांनी माझं फार कौतुक केलंय. "पुष्पाबेनचा माल मी उघडून जोतोच नाही," म्हणजे बघतच नाही, असं ते अर्ध्या मराठीत सगळ्या आवासाला ऐकवायचे.

मग एके दिवशी मोठी सूनच पडद्यावर हात जोडून उभी राहिली. म्हणाली, यापुढे आमची मालिका टीव्हीवर दिसणार नाही, फक्त मोबाईलच्या अ‍ॅपवर भेटू.

"म्हंजे गेली का ती घर सोडून?" काशीबाईंनी विचारलं.

"ती नाही हो मावशी, अख्खी मालिकाच गेली," छाया म्हणाली. "सासू, सासरा, नोकर, सगळ्यांनी बिऱ्हाड हलवलं."

टीव्हीवर त्या वेळेला आता पोट कमी करायचा पट्टा विकणारा माणूस येऊ लागला. पुष्पाबाईंच्या मुलीनं, योगितानं, आईच्या मोबाईलवर ते अ‍ॅप घालून दिलं, वर कानात घालायची वायरही आणली. "मम्मी, आता जाहिरात नाही, काही नाही. जलसा कर!"

छायानं आपल्या मोबाईलवर घेतलं आणि ती तिच्या घरी, तिच्या वेळेला बघू लागली. काशीबाईंकडे बटणांचा फोन. त्या सवयीनं जिने चढून आल्या, बंद टीव्हीसमोर नेहमीच्या जागी बसल्या. पुष्पाबाईंच्या कानात वायर, हातात मोबाईल. पडदा तळहाताएवढा, त्यात काशीबाईंची नजर पोचेना.

"काय म्हनली ती?"

"थांबा ना मावशी."

"रडली का?"

"सांगते ना, थांबा!"

पण सांगायचं कधी? पूर्वी जाहिरात लागली की सांगणं व्हायचं. आता जाहिरातच नाही. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू. काही दिवस काशीबाई येत राहिल्या. मग एकदा उठल्या, "गुडघे दुखतात वं," म्हणाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

खोली शांत झाली, आणि पुष्पाबाईंचा जीव कशात लागेना. भाग अर्ध्यावर सोडून दार उघडायच्या, जिन्यात डोकवायच्या, परत बसायच्या. मला उचलायच्या, ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या. काम नसताना मुठीत नुसती माझी उघडझाप. मला वाटे, आता ही बाई मलाच काहीतरी विचारेल.

त्याच अस्वस्थ दिवसांत ते घडलं. मांडीवर जांभळी साडी, कानात वायर. संगीत वाढलं. पुष्पाबाईंच्या हाताला इतक्या वर्षांची सवय: संगीत वाढलं की कातर उचलायची. हात चालू झाला. पण जाहिरात आलीच नाही! लगेच पुढचा प्रसंग लागला, डोळे पडद्यावरच राहिले, आणि खाली मी आंधळ्यासारखी चालत राहिले. कच कच कच. दोराही गेला आणि ऐन पदरात एक भोक पडलं. शेजारी कुणी असतं तर हात धरला असता. पुष्पाबाईंच्या ते लक्षातही आलं नाही. साडी घडी होऊन गेली.

छगनभाई ती परत घेऊन आले. पदराच्या भोकातून बोट काढून दाखवलं. "आ शूं कर्युं, बेन?"

छगनभाईंनी खांद्यावरचा नवा गठ्ठा खाली ठेवलाच नाही. "पहेला खात्री पटू दे," म्हणाले आणि गठ्ठ्यासकट जिना उतरले.

त्या दुपारी मोबाईल मालिकेनं भरलेला होता आणि हात रिकामे. पुष्पाबाईंनी दोन वेळा मालिका लावली, दोन वेळा बंद केली. मग मला कमरेला खोचलं आणि चपला घातल्या.

काशीबाई दारात शेंगा सोलत होत्या.

"काय वं माय, रुसनी का?" पुष्पाबाई घरच्या बोलीत म्हणाल्या.

"मी कशाला रुसू? मी काय त्या मालिकेतली सासू हाय?"

"मग येत का नाही?"

"तुझ्या कानात बूच. मी काय भिंतीला पाहू?" काशीबाईंनी शेंग फोडली. मग हळूच विचारलं, "गेली का शेवटी मोठी सून?"

पुष्पाबाई सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात काशीबाईंनी हात वर केला. "सांगू नको. दाखव. माझं जिथून सुटलं तिथून."

मित्रांनो, टीव्हीला हे कधी जमलं नव्हतं. टीव्हीवर गेलेला भाग गेला. मोबाईलवर मात्र मागे जाता येतं. अट एकच: ज्याला पुढचं ठाऊक आहे त्यानं मागे यायला तयार असावं. पुष्पाबाई तयार झाल्या. वायर काढून ठेवली आणि तिथेच दारात बसून मोबाईल काशीबाईंच्या डोळ्यांजवळ धरला. मालिकेची गोष्ट मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकली.

दुसऱ्या दिवशी काशीबाई जिने चढल्या. आवाज ऐकून छायाही आली. सगळं आधीच पाहिलेली ती, पुढचं तोंडून निसटू नये म्हणून, तोंडात पदर कोंबून बसली. दुपारी छगनभाई आले, दारातच उभे राहिले, खात्री अजून पटायची होती म्हणून गठ्ठा खांद्यावरच. पडद्यावर सासूनं मोठ्या सुनेचा हात धरला. संगीत वाढलं. पुष्पाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि सगळं जागच्या जागी थांबवलं.

"जाहिरात!" त्या म्हणाल्या.

"अरे बेन, चालू राखो ने!" दारातून छगनभाई कळवळले. "पुढे शूं थयुं?"

"भाऊ," काशीबाई म्हणाल्या, "आधी गठ्ठा खाली ठेवा."

त्यांनी ठेवला. पुष्पाबाईंनी गाठ सोडली, साडी तिघींच्या मांडीवर पसरली, आणि सहा डोळे खाली वळले. छगनभाई काहीतरी पुटपुटत तिथेच उंबऱ्यावर टेकले.

मित्रांनो, माझी धार आता पूर्वीसारखी नाही. माझी कमान सैल झालीय. मला डब्याच्या तळाशी दाबून ठेवू नका. अधूनमधून तेलाचा थेंब द्या, एवढंच मागते. आणि तुमच्या घरी कुणी जिने चढून, दम खात, तुमच्या शेजारी येऊन बसलं, तर त्याचं "काय म्हनली ती?" ऐकू येईल असा एक कान मोकळा ठेवा.