कारखान्यातला डॅडी

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो. लोखंड गरगर फिरवून त्याला गोल आकार द्यायचा, हे माझे काम. कारखान्यातले सर्वांत धिप्पाड यंत्र मीच, म्हणून कामगारांनी माझे नाव ठेवले 'डॅडी'. त्यात माया थोडी, थट्टाच जास्त. मालक खेकसून गेले की पाठीमागे त्यांनाही तेच म्हणत.

मला सांभाळले ते माझ्यावर काम करणाऱ्या टर्नरने. आला की आधी मला पुसायचा, तेल घालायचा, मगच चहाला जायचा. लग्न उशिरा झालेले. बायकोची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी शाळेला जाताना त्याचा डबा आणून द्यायची. "काका, डबा," म्हणायची, की निघाली. तिचे वडील वारले होते. त्यांना ती डॅडी म्हणे. त्यांच्यामागे तो शब्द तिने कुणासाठी काढलाच नाही.

"मनातून येईल तेव्हा येईल," टर्नर शेजारी काम करणाऱ्या फिटरला म्हणाला होता. "काका काय वाईट आहे?"

पुढे नवी यंत्रे आली. माझ्या तेलपाण्याला कुणाला सवड उरली नाही. टर्नरच्या गळ्यात आणखी एक यंत्र पडले. माझी पकड सैल झाली आहे, हे सांगून सांगून तो थकला.

"चालतंय ना? मग चालू दे," मालक म्हणाले.

एके दिवशी फिरते लोखंड माझ्या जबड्यातून निसटले आणि त्याच्या हातावर बसले.

शेजारच्या दवाखान्यातून पट्टी बांधून त्याला परत आणले, माझ्या आडोशाला स्टुलावर बसवले. तोवर बातमी ऐकून मुलगी धापा टाकत आली.

"डॅडी कुठे आहेत?" तिने दारातूनच विचारले.

फिटरने सवयीने माझ्याकडे बोट दाखवले. "तो काय, बंद पडलाय."

पोर पांढरीफटक झाली. माझ्यामागून टर्नर घाईने म्हणाला, "अगं, मशीनबद्दल बोलतोय तो. मी ठीक आहे."

ती त्याच्याजवळ गेली. "मी तुमच्याबद्दलच विचारत होते."

चांगला हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला.

पुढे त्याची दोन बोटे गेली. तो पुन्हा माझ्यापुढे उभा राहिला नाही. मी आता मागच्या अंगणात गंजतो आहे. तक्रार करायचेही त्राण नाही. एवढेच सांगतो, मित्रांनो, यंत्र असो की माणूस, ते कुरकुरते तेव्हाच ऐका. नंतर कितीही हळहळलात तरी गेलेली बोटे परत येत नाहीत.