देव्हाऱ्यातले कॅन

डार्ला फेनिमोरने माझ्या भावाच्या बिअरचा कॅन बैठकीच्या खोलीत, लाकडं जाळायच्या शेगडीच्या वरच्या फळीवर मांडला होता. एका बाजूला त्याचा फोटो, दुसऱ्या बाजूला मेणबत्ती, आणि पुढ्यात वाळक्या हॉपच्या फुलांची माळ. खाली शेगडी धडधडत होती. मी हात वर करून कॅनला लावला. चांगला कोमट लागला.

"हे काय केलंस, डार्ला?"

"आठवण म्हणून ठेवलाय गं. रोज सकाळी त्याच्याकडे बघते आणि मगच शाळेत जाते."

"ही बिअर आहे. बघायची नसते."

ती ओशाळून हसली. शहाणी बाई आहे, गावातल्या अर्ध्या पोरांना गणित शिकवलंय तिने. पण त्या क्षणी मला तिच्या अकलेची कीव आली आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

माझा भाऊ अर्मांड डेमरे याने तीस वर्षं या याकिमाच्या खोऱ्यात बिअर केली, आणि तीस वर्षं एकाच गोष्टीवरून लोकांशी भांडला. ताजी आहे तोवर प्या. त्याच्या प्रत्येक कॅनच्या बुडावर भरल्याची तारीख असायची आणि तिच्याखाली 'ठेवू नका' असं छापलेलं असायचं. दुकानात शिरला की आधी कॅन उलटा करून तारीख बघणार, मग मालकाशी बोलणार. जुना कॅन सापडला तर स्वतःच्या पैशाने विकत घेणार आणि दुकानाच्या दारातच ओतून देणार. दोन दुकानदारांनी त्यापायी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो म्हणायचा, बरं झालं, वेळ वाचला.

त्यातही सप्टेंबरातल्या बिअरला तर तो तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. बाकी वर्षभर हॉप, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणारी वेलीची फुलं, वाळवून वापरतात. ही बिअर मात्र हिरव्या फुलांची. सकाळी वेलीवरून उतरवलेली फुलं दुपारच्या आत उकळत्या कढईत पडली पाहिजेत. पुढे बिअर टाकीत मुरत असताना आणखी हिरवी फुलं पिशवीत बांधून आत सोडायची आणि वेळ झाली की बाहेर काढायची. वर्षातून एकदाच होते. तिचं आयुष्यही थोडं. अगदी थंड ठेवली तर दोनेक महिने टिकते, उबेत दोन आठवडेही नाही. आधी वास जातो, म्हणजे संत्र्याची साल, चिडाच्या झाडाचा डिंक, चुरडलेल्या पानांचा दरवळ. मग मधासारखी एक मिळमिळीत गोडी येते. आणि मग ओला पुठ्ठा.

यंदाची बिअर कॅनमध्ये भरली, विकायला काढली आणि त्याच आठवड्यात अर्मांड गेला. कोठीत पिंप ढकलता ढकलता खाली बसला तो उठलाच नाही.

आणि गावाने काय केलं? ज्याच्या-ज्याच्याकडे कॅन होते, त्याने ते सगळे फळीवर चढवले. एकानेही उघडला नाही. ज्या माणसाने जन्मभर 'ठेवू नका' म्हणून घसा कोरडा केला, त्याच्या शेवटच्या बिअरचा यांनी देव्हारा केला.

मला त्यातला एक कॅन हवा होता. तोही जिवंत.

कारण दरवर्षी टाकीतला पहिला पेला अर्मांड माझ्याकडे आणायचा. माझं नाक आमच्या आईसारखं तिखट. तो पेला पुढे करायचा आणि एवढंच म्हणायचा, "बोल." मी वास घ्यायचे, घोट घ्यायचे आणि बोलायचे. खोटं कधी बोलले नाही. एका वर्षी अख्खी टाकी ओतून दे म्हटलं, त्याने ओतून दिली. यंदा ऐन हंगामात मला न्यूमोनिया झाला. त्याने मला याकिमाच्या हॉस्पिटलात नेलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खुर्चीतून हलला नाही. मी तापात, मला काही कळत नव्हतं. नर्सने नंतर सांगितलं. घरी आल्यावर त्याने पेला आणला तेव्हा माझं नाक बंद होतं. थंड आणि कडू, एवढंच कळलं.

"बोल," तो म्हणाला.

"काही कळत नाही रे. नाक उघडू दे, मग सांगते."

"थांबतो," म्हणाला.

माझं नाक उघडलं ते त्याला पुरल्यावर. त्याने माझ्यासाठी शीतखोलीत एक खोका बाजूला ठेवला होता, वर माझं नाव लिहून. मी तिथे गेले तर जागा रिकामी. दफनाच्या दिवशी कुणीतरी तो खोका उघडून आलेल्या माणसांना आठवण म्हणून एकेक कॅन वाटला होता. माझ्या नावाचा खोका.

म्हणून मी दारोदार फिरत होते. डार्लाच्या घरी मी फळीवरचा कॅन उचलला आणि उघडला. तिच्या तोंडून 'अगं' एवढंच निघालं. मी दोन पेले भरले. नाकाशी नेताच कळलं. गोड, जड, आणि मागून पुठ्ठा.

डार्लाने घोट घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "छान आहे," ती म्हणाली.

"छान नाहीये. मेलीय ही. शेगडीवर भाजून मारलीस तू तिला."

"असं नको ना बोलूस. त्याची आहे."

"त्याची आहे म्हणूनच बोलतेय. त्याच्यासमोर कुणी हिला छान म्हटलं असतं, तर त्याने परत घरात पाऊल ठेवलं नसतं."

मी पेला तिच्या मोरीत ओतला आणि निघाले. दार जरा जोरात लागलं, ते लागू दे म्हटलं.

तिथून एलिसेओच्या बारमध्ये. एलिसेओ बारागान म्हणजे अर्मांडचा जिगरी दोस्त. बिअरची पहिली पिंपं यानेच उधारीवर ठेवून घेतली होती. आत पाऊल टाकते तो समोर काचेची पेटी. आत कॅन, आणि कॅनवर एक पिवळा दिवा. खाली पितळी पट्टीवर अर्मांडचं नाव.

"दिवा किती वेळ चालू असतो?" मी विचारलं.

"कायम. बंद कशाला करायचा? लोक येतात, टोपी काढतात." तो बार पुसत अभिमानाने म्हणाला. "परवा सिएटलहून एक जण आला होता. चारपट किंमत देतो म्हणाला. मी त्याला हाकलला."

"हाकललास ते चांगलं केलंस. आता पेटी उघड."

"कशाला?"

"हात लावून बघ काचेला. कोंबडीची अंडी उबवतोयस का?"

त्याने हात लावला आणि काढून घेतला. "कॅनमध्ये उजेड जात नाही," पुटपुटला.

"उजेड जात नाही, ऊब जाते. तीस वर्षं बार चालवतोस. तुझ्या कोठीत तो रोज येऊन थर्मामीटर बघायचा. तुला मी सांगायचं?"

"ओडील, ही शेवटची आहे. शेवटची कुणी उघडतं का?"

"शेवटची आहे म्हणून तर उघडायची. पुन्हा ताजी येणार आहे का?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग खाली मान घालून म्हणाला, "तुझा खोका मीच वाटला. लोक रडत होते गं. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मला वाटलं, तुझ्याकडे असतीलच."

ज्याच्यावर ओरडायचं तोच रडायला आलेला. तरी मी ओरडले. अर्मांडच्या धंद्यातलं पहिलं अक्षर तुला कळलं नाही, असं म्हटलं. दारू प्यायला बसलेले चार जण पेल्यात बघत राहिले. त्यातला एक म्हणाला, मेलेल्या माणसाच्या वस्तूचा मान ठेवावा. मी त्याला विचारलं, तू त्याची यंदाची बिअर प्यायलास का? नाही म्हणाला. मग कसला मान ठेवतोयस, म्हटलं, पत्र्याचा?

मी दाराशी पोचले तेव्हा एलिसेओ मागून म्हणाला, "वेंडेलकडे जाऊन बघ. बिअर विकायला काढली त्या दिवशी तोही रांगेत होता. चार घेतले त्याने."

"वेंडेलने?"

"मलाही नवल वाटलं. डुकरांना घातले असतील."

वेंडेल हुकस्ट्रा म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा सफरचंदांचा बागवाला. सत्तरी उलटलेला, कायम कपाळाला आठ्या. अर्मांडच्या बिअरला तो गवताचं पाणी म्हणायचा, तोंडावर, दरवर्षी. स्वतः किराणा दुकानातली सगळ्यात स्वस्त बिअर प्यायचा. दफनालाही कामाच्या कपड्यांत आला होता आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला होता. मनातून मी त्याला तेव्हाच खोडून टाकलं होतं.

तो शेडबाहेर ट्रॅक्टरखाली वाकलेला होता. मी विचारलं, "अर्मांडचे कॅन आहेत?"

"आहेत की. तीन."

"कुठल्या फळीवर ठेवलेस?"

"फळी?" त्याने माझ्याकडे बघितलं. "प्यायची वस्तू फळीवर कशाला ठेवीन? सफरचंदांच्या खोलीत आहेत. सॉसेजच्या मागे."

मी धावलेच म्हणा ना. सफरचंदांची खोली म्हणजे वसंतापर्यंत फळ जसंच्या तसं राहावं म्हणून पाणी गोठेल त्याच्या जेमतेम वरच्या तापमानाला ठेवलेली काळोखी खोली. हरणाच्या मांसाच्या सॉसेजमागे तीन कॅन उभे होते. हात लावला तर बोटं चिकटतील असे गार. मी तिथेच एका पेटीवर बसले.

वेंडेल दोन काचेचे मग घेऊन आला. "इथेच पिणार? थंडी वाजेल."

"इथेच. चौथ्याचं काय केलंस?"

"प्यायलो. त्याच्या समोर. मला उभं करून पाजली त्याने." तो दुसऱ्या पेटीवर बसला. "नाही घेतले असते तर वर्षभर ऐकवलं असतं त्याने, म्हणून रांगेत उभा राहिलो. तर हा पठ्ठ्या मागोमाग घरी हजर. म्हणे, आत्ता पी, माझ्यासमोर."

"मग काय म्हणालास?"

"काय म्हणणार? गवत. दरवर्षी म्हणतो तेच." त्याने नाक पुसलं. "दरवर्षी हसतो. यंदा हसला नाही. म्हणाला, वेंडेल, यंदा खरंच गवत आहे का रे? मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. तर म्हणाला, बरोबर आहे, तुला नाही कळत. ओडीलचं नाक उघडलं की ती सांगेल."

मी कॅन उघडला. ओतायच्या आधीच वास आला. संत्र्याची साल, चिडाचा डिंक, चुरडलेलं पान, सगळं जागच्या जागी. सप्टेंबरातली अख्खी सकाळ त्या बर्फासारख्या खोलीत उघडली. मी डोळे मिटून बराच वेळ नुसता वासच घेतला. मग घोट घेतला.

आधी उत्तम. मग मध्ये उत्तम. आणि मग शेवटी, जिभेच्या मुळाशी, तुरट, हिरवं, कापलेल्या लॉनसारखं काहीतरी घासून गेलं. मी पुन्हा घोट घेतला. तेच. शंकाच नको.

फुलांची पिशवी टाकीत जास्त राहिली होती. फार नाही, एखादा दिवस.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तीस वर्षांत अर्मांडने ही चूक केली नव्हती. पिशवी काढायच्या दिवशी तो जेवायला सुद्धा घरी यायचा नाही. आणि अख्खं गाव या बिअरपुढे मेणबत्त्या लावून बसलंय, एकालाही पत्ता नाही, कारण एकही प्यायलेला नाही. त्याला मात्र माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर वेंडेलला विचारलं त्याने.

"पिशवी वेळेवर काढली नाही गाढवाने," मी म्हणाले. "कुठे उलथला होता त्या दिवशी?"

वेंडेल मगमधला फेस बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी त्याने मला फोन केला होता. म्हणाला, पिशवी काढशील का. मी म्हटलं, मला तुझ्या त्या टाक्या-बिक्यांतलं काही येत नाही, तूच ये की. तर म्हणाला, मला इथून हलता येत नाही. तिचा ताप उतरत नाहीये."

खोलीतलं यंत्र घरघरत होतं. मी बिअरचा मग दोन्ही हातांत धरला होता आणि काच हाताला चिकटली होती तरी मला ते कळलं नाही.

मला त्याचा फार राग आला. पिशवी सोडून माझ्या उशाशी बसल्याचा. मला न सांगितल्याचा. 'थांबतो' म्हणून न थांबल्याचा. मी रडले, आणि रडताना मोठ्याने बोलले, कारण त्याने विचारलं होतं आणि उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"अर्मांड, वास तुझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वर्षाचा आहे. शेवट मात्र बिघडलाय. एक दिवस जास्त झाला."

वेंडेलने आपला मग तोंड वाकडं करत तळापर्यंत रिकामा केला. साऱ्या खोऱ्यात माझ्याखेरीज अर्मांडची शेवटची बिअर ती जिवंत असताना प्यायलेला हा एकटा माणूस, आणि त्याला ती आवडलेली नव्हती.

"गवतच आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "गवतच आहे. दुसरा उघड."