खडूची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जन्माची भित्री.

देवदाराच्या फळ्या ठोकून मला बनवलं, हिरवा रंग दिला, अंगावर पांढरे आकडे लिहिले. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात पुलगावच्या दारूगोळ्याच्या कोठारात माझ्या पोटात तोफगोळे भरले आणि आगगाडीत चढवलं. गाडीला धक्का बसला की माझा जीव खालीवर व्हायचा. सीमेवर मला रिकामं केलं. ते गोळे कोणाच्या दारात पडले, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमतही झाली नाही.

लढाई संपली. मी भंगारात निघाले आणि फिरत फिरत नाचणगावच्या शाळेत आले. भैय्याजी गुरुजींनी माझ्यात खडू ठेवले. पेटी मोठी दणकट आहे हो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मला बरं वाटायचं. पण रेडिओवर सीमेचं नाव निघालं की मला धडकी भरायची. पुन्हा बोलावणं आलं तर?

ऐंशी सालच्या जानेवारीत शाळेत मतदान होतं. टेबलाचा पाय डुगडुगत होता, म्हणून मला रिकामं करून माझ्यावरच मतपेटी ठेवली. दुपारी तानाबाई आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा चंद्रभान फौजेत, सीमेवर. त्यांनी शिक्का मारला, मतपत्रिकेची घडी केली आणि त्यांची नजर माझ्या आकड्यांवर गेली. पुलगावच्या कोठारात गावातल्या कितीकांनी अशा पेट्या वाहिल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. हात तिथंच थांबला.

केंद्राचे अधिकारी लक्ष्मणराव म्हणाले, घाबरू नका, ती रिकामी आहे.

"रिकामी हाय म्हणूनच भेव वाटते, साहेब. ज्याले निवडून देऊ, तोच उद्या हिले भरा म्हणन न?"

लक्ष्मणराव म्हणाले, "हो आई. पण भरू नका म्हणायचं असलं, तरी तोच म्हणेल."

तानाबाईंनी भिंतीकडे तोंड करून घडी उघडली, आपला शिक्का पुन्हा नीट पाहिला, आणि मत टाकलं. जाताना माझ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "खडूच ठेवजो पोटात, बाई."

सहा वर्षांनी चंद्रभान पेन्शन घेऊन गावी आला. आईनं माझ्याबद्दल सांगितलं होतं, म्हणून शाळेत येऊन त्यानं माझं झाकण उघडलं, आत खडू आहेत हे पाहिलं आणि बंद केलं.

मित्रांनो, उद्या तुमच्याही बोटाला शाई लागेल. तेव्हा घाई करू नका. मला अजून भीती वाटते.